फोमचं चिलखत घरी कसं बनवावं: मंगळावरच्या रक्षकाचा पोशाख, मापापासून रंगापर्यंत

विज्ञानकथेतलं चिलखत पाहिलं की नजर आधी जाते ती रंगाकडे, दिव्यांकडे आणि शिरस्त्राणाच्या काचेकडे. चिलखत चांगलं होणार की नाही, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, मापं घेताना आणि कागदावर बेतताना ठरतं. घालून खुर्चीत बसता येत नाही, जिना चढता येत नाही, खाली पडलेली वस्तू उचलता येत नाही, असं चिलखत कितीही देखणं असलं तरी थोड्याच वेळात उतरवावं लागतं. म्हणून या लेखात मापं, बेतणी आणि सांधे यांना मी सर्वांत जास्त जागा दिली आहे. ते साधलं की फोम कापणं आणि चिकटवणं हाताला लवकर बसतं.

ही हौस जुनी आहे. १९३९च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांचा पोशाख करून गेले होते. ते कपडे मर्टल डग्लस यांनी स्वतः शिवले होते. आज मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स आणि त्यातल्या पात्रांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, दिसणारी चिलखतं बहुतेक ईव्हीए (एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट) या प्लास्टिकच्या फोमची असतात. हा फोम हलका असतो, कटरने कापता येतो, तापवून वळवता येतो आणि चपला-बूट बनवणाऱ्यांकडे सहज मिळतो.

हा माणूस कोण आहे, ते आधी ठरवा

पहिला पोशाख एखाद्या प्रसिद्ध पात्राची हुबेहूब नक्कल नसावा, असं माझं ठाम मत आहे. नक्कल करताना प्रत्येक रेषा मूळ चित्राशी ताडून पाहावी लागते, आणि ती रेषा आपल्या अंगाला बसेलच असं नाही. स्वतःचं पात्र असेल तर चिलखत अंगाप्रमाणे बदलता येतं. या लेखासाठी आपण मंगळावरच्या खाणीत पहारा देणारा रक्षक घेऊ.

पात्र ठरलं की पुढचे निर्णय आपोआप सुटतात. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, त्यामुळे तिथला माणूस जाडजूड चिलखत घालून फिरतो हे पटतं. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे कुठेही उघडी कातडी दिसता कामा नये. सांध्यांच्या जागी काळं, घड्या पडलेलं, हवाबंद वाटणारं कापड हवं. धूळ तांबडी, कारण तिच्यात लोहाचे ऑक्साइड आहेत. ही धूळ रंगकामात आपल्या उपयोगी पडणार आहे.

समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन साधी चित्रं काढा. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. स्वतःचा पूर्ण उंचीचा फोटो छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि चिलखताचे आकार त्यावर काढले, तर प्रमाण चुकत नाही. चिलखताचे भाग असे धरा: शिरस्त्राण, छाती, पाठ, खांदे, दंड, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग, कमरपट्टा, मांड्या, गुडघे, नडग्या आणि बुटांवरचं आवरण.

फोम

तीन जाड्या लागतात. मुख्य भागांसाठी १० मिलिमीटर, मनगट-दंड-शिरस्त्राणासाठी ५ किंवा ६, आणि वरच्या पट्ट्या, बोल्ट, नक्षीसाठी २ मिलिमीटर. लहान मुलांच्या खेळण्याच्या, एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी मॅट १० ते १२ मिलिमीटरच्या असतात आणि त्या उत्तम चालतात. त्यांची खडबडीत बाजू आत ठेवायची. साधारण बांध्याच्या मोठ्या माणसाला दोन फुटी अशा १० ते १२ मॅट पुरतात. शिवाय ५ आणि २ मिलिमीटरची शीट वेगळी.

मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीतल्या चप्पल-बुटांच्या कच्च्या मालाच्या दुकानांत शीट मिळतात. २ मिलिमीटरचा रंगीत फोम गणपतीच्या सजावटीच्या साहित्यात असतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर मखरांमध्ये तो बराच दिसू लागला. बुटाच्या तळव्यासाठीचा कडक फोम घेऊ नका, तो वळत नाही. दुकानात नखाने हलकं दाबून पाहा. खूण उमटून ती सावकाश भरून आली तर फोम योग्य आहे. खूण तशीच राहिली तर तो फार मऊ, आणि उमटलीच नाही तर फार कडक.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा, चकचकीत फोम हा पॉलिथिनचा असतो. त्यावर गोंद धरत नाही आणि गरम हवेने तो आक्रसतो. थर्माकोल तर गोंदातल्या द्रावकानेच विरघळतो. हे दोन्ही चिलखताच्या कामाचे नाहीत.

हत्यारं, आणि त्याआधी श्वास

रुंद पात्याचा कटर, भरपूर जादा पाती, स्टीलची फूटपट्टी, हीट गन (खूप गरम हवा सोडणारं, ड्रायरसारखं यंत्र), १२०, २४० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, कार्डशीट, पेन. एवढ्यावर पूर्ण चिलखत होतं. छोटं फिरतं घासयंत्र असेल तर कडा सुबक होतात, पण त्यावाचून अडत नाही.

चिकटवण्यासाठी एसआर गोंद घ्या. सोफ्याचं रेक्झिन आणि फोम बसवणारे कारागीर जो पिवळसर, उग्र वासाचा गोंद वापरतात, तो हाच. फेव्हिकॉल एसआर ९९८ बहुतेक हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. त्याची वाफ नुसती उग्र नसते, ती घातक असते आणि पेटते. करोनाच्या काळातला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या डब्या लावलेला रबरी मास्क हार्डवेअरच्या किंवा सुरक्षा-साहित्याच्या दुकानात मिळतो. पैसे वाचवायचे असतील तर फोमवर वाचवा, या मास्कवर नको. काम गच्चीवर किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघडून करा. जवळ गॅसची शेगडी, उदबत्ती किंवा देवघरातलं निरांजन पेटतं नसावं. फोम घासताना चष्मा आणि धुळीचा मास्क दोन्ही हवेत.

मापं आणि बेतणी

इथे घाई करू नका. आधी मदतीला कोणीतरी घ्या, कारण स्वतःची मापं स्वतः घेतली की अंग वाकतं आणि माप चुकतं.

चिलखताखाली जे कपडे घालणार, तेच घालून मापं घ्यायची. छातीचा घेर, कमरेचा घेर, खांद्याच्या हाडापासून कमरेपर्यंतची लांबी, दंड, कोपराखालचा सर्वांत जाड भाग, मनगट, मांडी, गुडघ्याच्या वर आणि खाली, पोटरी, घोटा. पोटरी आणि मांडी उभं राहून एकदा आणि बसून एकदा मोजा. बसल्यावर मांडी पसरते, आणि तेच माप खरं धरायचं.

आता जाडीचा हिशेब. फोमला जाडी असते, त्यामुळे अंगाचा घेर तोच फोमचा घेर असं होत नाही. समजा मांडीचा घेर ५६ सेंटिमीटर आहे आणि फोम १ सेंटिमीटर जाड. फोम गोल वळवला की आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि मधली रेघ तेवढी मूळ लांबीची राहते. ही मधली रेघ अंगापासून अर्धा सेंटिमीटर दूर, म्हणून तिचा घेर ३.१ सेंटिमीटरने वाढतो. हालचालीसाठी आणखी ३ सेंटिमीटर सैल धरा. म्हणजे तुकडा सुमारे ६२ सेंटिमीटर कापायचा. ५६ सेंटिमीटरचाच कापला, तर तो मांडीवर बंदच होणार नाही.

सरळ नळीसारख्या भागांना हा हिशेब पुरतो. छाती, पाठ आणि खांदे यांना वळणं असतात, त्यांच्यासाठी अंगावरूनच आकार उचलावा लागतो. जुना, टाकाऊ, घट्ट टी-शर्ट घाला आणि मदतनीसाला त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवू द्या. टेप आवळायची नाही, नुसती ठेवायची. श्वास घेऊन छाती फुगवून पाहा, त्रास होता कामा नये. दोन थर झाले की पेनाने अंगाची मध्यरेषा, बरगड्यांचा शेवट, बगलेची कड आणि खांद्याचं हाड काढून घ्या. त्यावर चिलखताच्या कडा आखा. बगलेपासून किमान तीन बोटं आत या, नाहीतर हात पुढे घेतला की कड टोचते. मग बाजूने कात्री चालवून सगळं अंगातून काढा. कात्रीचं बोथट टोक अंगाच्या बाजूला असू द्या. चेहऱ्यावर, नाका-तोंडावर टेप कधीही लावू नका.

अंगावरून काढलेलं हे टेपचं कवच मध्यरेषेवर कापा. अर्धीच बाजू वापरायची, दुसरी तिचीच उलटी नक्कल. माणसाचं अंग दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं नसतं, पण चिलखत सारखं दिसायला हवं. अर्धं कवच टेबलावर सपाट करायला गेलात की ते उठून राहील. जिथे उठतं तिथे कडेपासून आत काप द्या. काप उघडून पाचरीच्या आकाराची फट पडेल. शिंपी ज्याला टक्स म्हणतात, तोच हा प्रकार. फोममध्ये ही पाचर कापून टाकून तिच्या दोन्ही कडा एकमेकांना चिकटवल्या की सपाट शीटला छातीची गोलाई येते. पाचर रुंद असेल तर गोलाई जास्त येते. एक मोठी पाचर घेण्यापेक्षा दोन-तीन लहान घेतल्या तर वळण गुळगुळीत होतं.

हा आकार कार्डशीटवर उतरवा. प्रत्येक तुकड्यावर भागाचं नाव, डावा की उजवा, वरची दिशा दाखवणारा बाण आणि सांधणाऱ्या कडांवर दर पाच सेंटिमीटरला एक आडवी खूण करा. दोन तुकडे चिकटवताना या खुणा एकमेकींना भिडवायच्या असतात. वळणदार कडांवर त्या नसतील तर सांधा शेवटी सरकलेलाच निघतो.

संगणकावर काम करायची सवय असेल तर त्रिमितीय मॉडेलचा कागदी उलगडा करून देणारी पेपाकुरा ही जपानी प्रणाली वापरता येते. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनवायच्या प्रणालीतही ती सोय आहे. शिरस्त्राणासाठी मला ती पसंत आहे. धडासाठी मात्र टेपचं कवचच चांगलं, कारण संगणकाला तुमची पाठ ठाऊक नसते.

फोमला हात लावण्यापूर्वी सगळे कार्डशीटचे तुकडे टेपने जोडून कागदी चिलखत अंगावर चढवा. खुर्चीत बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, वाकून जमिनीवरचं पेन उचला, दहा पायऱ्या चढा. जिथे कागद दुमडतो किंवा फाटतो तिथे फोम टोचणार, हे नक्की. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे आणि कंबर-मांडीच्या मध्ये चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. ती काळ्या कापडाने झाकली जाईल.

कापणी

पहिला भाग मनगट-कोपराचा घ्या. तो लहान आहे, फसला तरी फोम फारसा वाया जात नाही, आणि कापणी, तापवणी, चिकटवणी या तिन्हींचा सराव त्यावर होतो.

नमुना फोमवर ठेवून बारीक पेनाने आखा. उजव्या बाजूसाठी कार्डशीट उलटं करायला विसरू नका. कटरचं पातं धारदार हवं. बोथट पातं फोम कापत नाही, तो ओरबाडतं, आणि कडेला जे दाते पडतात ते रंगाखालूनही दिसतात. पातं फोमला काटकोनात धरून एक लांब ओढ अर्ध्या जाडीपर्यंत द्यायची, दुसरी आरपार. करवतीसारखं पुढे-मागे करू नका. थोडी कापणी झाली की पात्याचा तुकडा मोडून नवं टोक काढा. बोटं पात्याच्या मार्गात कधीच नकोत. फोम सहज कापला जातो म्हणून हात बेसावध होतो, आणि याच कामात सर्वांत जास्त जखमा होतात.

दोन तुकड्यांत कोपरा हवा असेल तर दोन्ही कडा तिरक्या कापाव्या लागतात. काटकोनासाठी प्रत्येक कड ४५ अंशांत. शीट घडीसारखं दुमडायचं असेल तर मागच्या बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत व्हीच्या आकाराची खाच काढा, तिच्यात गोंद भरा आणि दुमडा.

तापवणं

फोम तापवण्याची कामं दोन: त्याला वळण देणं आणि वरची छिद्रं बंद करणं.

पृष्ठभागावर खाचा किंवा रेषा हव्या असतील तर त्या वळण देण्याआधी कापा. पातं पृष्ठभागात दोन मिलिमीटर उतरवून रेघ काढायची. तापवल्यावर ती रेघ आपोआप उघडते आणि दोन पत्रे जोडल्यासारखी दिसते. इतक्या कमी मेहनतीत चिलखताला एवढं खरेपण देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

हीट गन १० ते १५ सेंटिमीटर दूर ठेवून सतत फिरवत राहा. कोरडा, मळकट दिसणारा पृष्ठभाग किंचित चमकू लागला की तिथून पुढे सरका. तो बुडबुडू लागला किंवा आंबट वास आला, तर फोम जळतो आहे. ईव्हीए जास्त तापला की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणून हे कामही मोकळ्या हवेतच करा. शीट पुरेसं गरम झालं की ते मऊ पडतं. जाड हातमोजे घालून ते स्टीलच्या डब्यावर, बाटलीवर किंवा पाइपवर हव्या त्या आकारापेक्षा थोडं जास्तच वळवा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. सोडल्यावर ते थोडं परत उघडतं. चिकटवण्याआधी वळण दिलेलं असलं की सांध्यावर ताण येत नाही. हा क्रम उलटा केला, तर पुढे उन्हात सांधे उकलतात.

चिकटवणं

एसआर गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट वाटावं पण बोटाला गोंद येऊ नये, इतका तो सुकू द्या. कोरड्या हवेत यासाठी १० ते १५ मिनिटं लागतात, पावसाळ्यात जास्त. ओला असताना जोडला तर धरत नाही. कापलेली कड गोंद शोषून घेते, म्हणून १० मिलिमीटरच्या फोमला गोंदाचे दोन हात (थर) द्या.

एकदा भिडवलं की सुटत नाही, म्हणून खुणा जुळवून एका टोकापासून थोडं-थोडं दाबत जा. लांब सांध्यात आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग उरलेलं. कडा पृष्ठभागाशी समपातळीत आहेत ना, हे दर दोन बोटांना तपासा. वर आलेला कंगोरा नंतर घासून काढता येतो, पण आत राहिलेली फट भरावी लागते. गोंद पूर्ण सुकेपर्यंत त्या भागाजवळ हीट गन आणायची नाही.

फटी भरायला ॲक्रिलिक गॅप फिलर वापरा, ट्यूबमधून येतो तो. ओल्या बोटाने तो सारखा करायचा. भिंतीची पुट्टी वापरू नका. ती वाकत नाही, तिला तडे जातात.

भाग एकमेकांना आणि अंगाला कसे टांगायचे

पट्ट्या रंगाच्या आधी बसवा. चिलखताचं वजन कुठे लटकणार याचा विचार इथे होतो. छाती आणि पाठ खांद्यांवरच्या रुंद पट्ट्यांनी जोडतात, बाजूंना बॅगेसारखी क्लिप. खांद्याचे तुकडे छातीच्या पट्टीला लटकतात, आणि दंडाभोवती एक इलॅस्टिक त्यांना आवरतं. मांड्यांचे तुकडे कमरपट्ट्याला टांगतात. त्यांना नुसत्या इलॅस्टिकच्या भरवशावर सोडलं तर चार पावलांत ते गुडघ्यावर येतात. नडगी बुटावर टेकते, तिला वरून एकच पट्टी पुरे.

वेल्क्रो थेट फोमवर चिकटवला तर काही वेळाने फोमचा वरचा थर घेऊन सुटतो. त्याऐवजी नायलॉनच्या पट्टीवर वेल्क्रो शिवून घ्या आणि ती पट्टी फोमच्या आतून किमान पाच सेंटिमीटर लांबीला एसआरने चिकटवा. फोममध्ये दोन चिरा पाडून पट्टी त्यातून ओवली तर आणखी मजबूत. पट्ट्या, क्लिपा, टिच बटणं बॅगदुरुस्ती करणाऱ्यांकडे मिळतात, आणि शिवणकामही तेच नीट करून देतात.

खालचा पोशाख काळा, घाम शोषणारा असावा. कोपर आणि गुडघ्याच्या जागी २ मिलिमीटर फोमच्या अर्धा इंच रुंद पट्ट्या आडव्या, थोड्या-थोड्या अंतराने चिकटवल्या तर हवाबंद पोशाखातल्या घड्यांसारख्या दिसतात आणि सांधा वाकतोही. कोपराच्या आतल्या बाजूला मात्र त्या नकोत.

शिरस्त्राण

हे सगळ्यात शेवटी करा. तोवर हात तयार झालेला असतो.

डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर असेल आणि चारही बाजूंना २ सेंटिमीटर जागा सोडली, तर आतला घेर सुमारे ७० सेंटिमीटर होतो. ही जागा आतल्या स्पंजसाठी आणि हवेसाठी आहे. ती सोडली नाही तर काच धुरकटते आणि कान दुखतात. पॅटर्न डोक्याच्या मधोमध कपाळापासून मानेपर्यंत जाणाऱ्या एका पट्टीचा आणि दोन बाजूंच्या तुकड्यांचा ठेवा. बाजूच्या तुकड्यांना वरच्या कडेने तीन-चार पाचरी द्या. हनुवटी आणि जबडा वेगळे तुकडे. मागचा अर्धा भाग सुटा ठेवून तो लहान निओडिमियम चुंबकांनी बसवा, म्हणजे मदतीशिवाय डोकं आत-बाहेर करता येतं. चुंबक चिकटवण्याआधी कोणती बाजू कोणत्या बाजूला ओढते त्याची खूण करा.

काचेसाठी पारदर्शक, वाकणारं प्लास्टिक शीट आणि आतून गाडीच्या काचेला लावतात ती गडद फिल्म. संध्याकाळच्या उजेडात आणि सभागृहातल्या दिव्यांत दोन्हीकडे दिसतं का ते तपासा. खाली पाहिल्यावर स्वतःचे बूट दिसले पाहिजेत. आतून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पसरून कोरड्या फडक्याने पुसला की वाफ कमी साचते. ५ व्होल्टचे ४० मिलिमीटरचे दोन छोटे पंखे लावा, हनुवटीजवळचा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. आपल्या हवेत पंख्यांशिवाय बंद शिरस्त्राण फार वेळ घालू नये.

हे फोमचं शिरस्त्राण आहे. ते घालून दुचाकी चालवायची नाही, मागे बसायचंही नाही.

दिवे

छातीवर एक आणि शिरस्त्राणाच्या दोन बाजूंना एकेक दिवा पुरे. पॉवरबँकेचे ५ व्होल्ट सर्वांत सोपे आणि सुरक्षित. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. उरलेले २ व्होल्ट २० मिलिअँपिअरला १०० ओहमचा रोध (रेझिस्टर) खातो. लाल एलईडीला २ व्होल्ट, म्हणून १५० ओहम. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रोध द्या. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. सोल्डरिंगची सवय नसेल तर ५ व्होल्टची, यूएसबीवर चालणारी एलईडीची पट्टी घ्या आणि तिच्यावरच्या खुणेवरच कापा.

बऱ्याच पॉवरबँका फार कमी वीज ओढली तर आपोआप बंद होतात. पंखे आणि दिवे एकाच पॉवरबँकेवर जोडले की ही अडचण बहुधा येत नाही. उघडा एलईडी डोळ्यांत टोचतो, त्याच्यासमोर बटर पेपरचे दोन थर लावा, प्रकाश सारखा पसरतो. वायर सांध्यांवरून नेताना सैल ठेवा आणि शिरस्त्राणाकडे जाणाऱ्या वायरला सहज सुटणारा जोड द्या.

सीलिंग आणि रंग

कच्चा फोम रंग शोषतो आणि ठिपकेदार दिसतो. सर्व भाग पुन्हा एकदा हीट गनने हलके तापवून घ्या. मग पांढरा फेव्हिकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण पातळ हातांनी लावा. तीन हात पुरतात, चौथा शिरस्त्राणाला. प्रत्येक हात पूर्ण सुकला पाहिजे. पावसाळ्यात त्याला पूर्ण दिवस लागू शकतो, पंखा लावून ठेवा. फार वाकणाऱ्या भागांना दोनच हात द्या. साधा फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो, घामाचा प्रश्न असेल तर पाण्याला टिकणारा प्रकार वापरा. ऑनलाइन मिळणारं रबर कोटिंगचं स्प्रे जास्त लवचीक असतं, पण महाग.

आधी सगळीकडे काळा ॲक्रिलिक. त्यावर मुख्य रंग, आपल्या रक्षकासाठी मळकट करडा किंवा मातकट पांढरा. खाचांमध्ये काळा तसाच राहू द्या, तीच सावली. मग ब्रशला चंदेरी रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाका आणि उरलेला रंग नुसत्या कडांवरून फिरवा. खरा पत्रा जिथे घासतो तिथेच त्याचा रंग उडतो: कोपराचं टोक, गुडघा, खांद्याची वरची कड, कमरेजवळ जिथे हात लागतो तिथे. छातीच्या मधोमध उगाच ओरखडे काढू नका.

धुळीसाठी गेरू घ्या, कुंड्या रंगवायला आणतो तोच. गेरूतही लोहाचा ऑक्साइडच असतो, त्यामुळे रंग शोधावा लागत नाही. तो पाण्यात पातळ कालवून थोडा मॅट वॉर्निश मिसळा, खाचांमध्ये लावा आणि वरचा ओल्या फडक्याने पुसून घ्या. धूळ खालून वर जाते, म्हणून बूट आणि नडग्या सर्वांत तांबड्या, मांड्या कमी, छाती जवळजवळ स्वच्छ. शेवटी सगळ्यावर मॅट वॉर्निशचे दोन हात, नाहीतर गेरू शेजारच्याच्या कपड्यांना लागतो.

घालून वावरणं

कार्यक्रमाच्या आधी घरात दोन तास पूर्ण पोशाख घालून राहा. कुठे काचतं, कोणती क्लिप एकट्याला लागत नाही, स्वच्छतागृहात जाताना काय-काय उतरवावं लागतं, हे सगळं तेव्हाच कळतं. सोबत एक माणूस हवाच. शिरस्त्राणातून बाजूचं दिसत नाही आणि लहान मुलं पायाशी येतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने शिरस्त्राण काढून पाणी प्या. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर लगेच छाती-पाठ उतरवून सावलीत बसा. हातात शस्त्र धरायचं असेल तर तेही फोमचंच करा आणि आयोजकांचे नियम आधी वाचा.

पिशवीत एसआरची लहान ट्यूब, फेव्हिक्विक, काळी टेप, दोन जादा क्लिपा, सेफ्टी पिना आणि मुख्य रंगाची छोटी बाटली ठेवा. घरी आल्यावर आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून मगच आवरा. तुकडे एकावर एक दाबून ठेवले तर वळण बिघडतं, म्हणून छाती आणि नडग्यांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरून मोठ्या खोक्यात उभे ठेवा. उन्हात बंद गाडीत चिलखत ठेवू नका, तिथल्या उष्णतेने वळणं उघडतात आणि गोंद सुटू शकतो.